बाल्कांवातल्या आणि बागेतल्या गाद्या-उश्या पावसाळ्यात कशा टिकवाव्यात?

सोपो_हळदोणे

नमस्कार. आमचे घर हळदोण्यात असून बाल्कांवाचे, म्हणजे दारापुढच्या छपराखालच्या ओट्याचे, तोंड पश्चिमेला आहे. दोन्ही अंगांना दगडी सोपे, म्हणजे बसायचे पक्के बाक, आहेत. त्यांवर अंथरायला लांब गाद्या, पाठीशी टेकायला उश्या, अंगणातल्या झोपाळ्याची जाड गादी आणि वेताच्या खुर्च्यांची आसने असा सगळा संच गेल्या वर्षी शिवून घेतला. कापड वॉटरप्रूफ असल्याची दुकानदाराने खात्री दिली होती आणि एका अर्थाने ती खरी ठरली, कारण झडीचे पाणी गादीवरून ओघळून जाताना आम्ही पाहत होतो. तरीही चवथीला घर आवरायला घेतले तेव्हा गाद्यांच्या तळाला, दगडाला टेकणाऱ्या बाजूवर, बारीक काळे ठिपके पसरलेले दिसले आणि चेन उघडताच आतून कुबट वास आला. काही गाद्या टाकून द्याव्या लागल्या.

आता पुन्हा शिवायला टाकायचे आहे आणि पाऊस सुरू व्हायच्या आत हे काम उरकायचे आहे. कापड, आतला फोम, शिलाई आणि चार महिन्यांची साठवण याबद्दल ज्यांना गोव्यातल्या हवेचा अनुभव आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. कोरड्या हवेच्या गावांतले सल्ले भरपूर वाचून झाले आहेत.

डिचोलकर

एवढा विचार कशाला करायचा? सगळ्या गाद्या सोप्यावर एकावर एक रचाव्यात, वरून जाड ताडपत्री घालून सुंभाने गच्च आवळावे आणि पाऊस ओसरला की सोडावे. आमच्या बागेतल्या सामानाला वर्षानुवर्षे हाच उपाय चालला आहे.

काणकोण_किनारा

डिचोलकर बाब, लोखंडी किंवा प्लास्टिकच्या खुर्च्यांना हे चालेल, गाद्यांना चालणार नाही. गच्च बांधलेली ताडपत्री आतून घामेजते. मध्येच दोन तास ऊन पडले की गाद्यांतली ओल वाफ होऊन वर येते, संध्याकाळी ताडपत्री गार पडली की तीच वाफ आतल्या बाजूला थेंब धरते आणि पुन्हा गाद्यांवर टपकते. बाहेरचा पाऊस अडला, पण आतला पाऊस सुरू झाला.

समुद्राजवळ आमच्या पाहुण्यांसाठीच्या काही खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीपुढे ओटा व त्यावर आरामखुर्च्या आहेत, म्हणून हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हे सगळ्यांना ठाऊक असते, पण गाद्यांचे खरे नुकसान करते ती हवेतली आर्द्रता. जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या खाली येत नाही. बुरशीला धो-धो पाणी लागत नाही. आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली, कापडावर थोडी धूळ, घाम किंवा तेलाचा अंश असला आणि हवा खेळती नसली, की तेवढ्यावर तिचे भागते.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ कापडाच्या विणीत बसते आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. पावसाचा थेंबही न लागलेली खोळ हाताला चिकट-ओली लागते, त्याचे कारण हे मीठ. म्हणून मे महिन्यात गाद्या उचलण्यापूर्वी खोळी गोड्या पाण्याने भरपूर खळबळून घ्याव्यात. नुसते झटकून मीठ जात नाही आणि मीठ राहिलेली खोळ कितीही वाळवली तरी पहिल्या पावसाबरोबर पुन्हा ओलावते.

शिलाईकाम_फोंडा

माझा धंदाच सोफे आणि गाद्या शिवण्याचा आहे, त्यामुळे थोडे लांबलचक लिहितो.

ताई, तुमच्या सोप्याचा दगड बहुधा चिरा असावा. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळाभर तो पाणी धरून राहतो आणि वरून सिमेंटचा गिलावा असला तरी थंड आणि दमट असतो. त्यावर वॉटरप्रूफ गादी सपाट ठेवली म्हणजे दोहोंच्या मधली ओल कोठेच जात नाही. तळालाच ठिपके आले, ते यामुळे. गाद्यांखाली पट्ट्यांची चौकट घालावी. सागवानाच्या पट्ट्या उत्तम, पण पोफळीच्या चिरून, तासून घेतलेल्या पट्ट्याही चालतात आणि त्या गावात सहज मिळतात. दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवावी आणि चौकट दगडापासून इंचभर उचललेली असावी.

आता कापड. बाजारात ज्याला सरसकट वॉटरप्रूफ म्हणून विकतात, ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर असते आणि त्याच्या पाठीला प्लास्टिकचा लेप दिलेला असतो. लेपामुळे कापडातून पाणी जात नाही हे खरे, परंतु गादी शिवताना सुई दर दोन-तीन मिलिमीटरवर एक भोक पाडते आणि पायपिंग लावलेल्या कडेला तर एकाच जागी दोन-दोन शिलाया येतात. पाणी या भोकांतून आत जाते आणि लेप असल्यामुळे बाहेर पडायला वाट उरत नाही. बाहेरच्या वापराला आम्ही अॅक्रिलिक कापड सुचवतो, ज्यात रंग धागा बनण्यापूर्वीच त्याच्या द्रावणात मिसळलेला असतो. असा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत असल्याने उन्हाने लवकर विटत नाही. हे कापड पाणी झटकते, पण वाफ जाऊ देते. ते महाग असते आणि ज्याची पडवी पूर्ण छपराखाली आहे, त्याने तेवढा खर्च करू नये असे माझे मत आहे. तिथे चांगल्या प्रतीचे, लेप नसलेले पॉलिएस्टर पुरते. सुती कॅनव्हास दिसायला सुरेख असतो आणि बसायलाही गार, पण पावसाळ्यात बाहेर राहिला की बुरशीला आमंत्रण देतो.

दोरा हा विषय ग्राहक कधीच विचारत नाहीत. खोळ शाबूत असते आणि शिवण उसवते, ती साध्या सुती दोऱ्यामुळे. दोरा जाड पॉलिएस्टरचाच हवा. चेन प्लास्टिकच्या दातांची किंवा नायलॉनची घ्यावी, तिचा सरकता तुकडाही लोखंडी नसावा, कारण खाऱ्या हवेत तो गंजतो आणि गंजाचा डाग कापडावर कायमचा बसतो. शोभेची बटणे टाळावीत. प्रत्येक बटण म्हणजे गादीच्या मधोमध एक भोक आणि एक खळगा, ज्यात पाणी साचते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तळ. खोळीचा खालचा पदर जाळीच्या कापडाचा करून घ्यावा. पॉलिएस्टरची मजबूत जाळी मिळते, ती वरून दिसत नाही आणि आत गेलेले पाणी निथळून जाते. उघड्यावर राहणाऱ्या झोपाळ्याच्या गादीसाठी तर मी याशिवाय दुसरे काही शिवूनच देत नाही.

सोपो_हळदोणे

मनापासून आभार. जाळीची कल्पना अगदी नवीन आहे. फोमविषयीही सांगावे. दुकानात ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे आकडे सांगतात आणि जितका आकडा मोठा तितका फोम कडक, असे समजावतात. ते बरोबर आहे का?

शिलाईकाम_फोंडा

पूर्ण बरोबर नाही. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोतले वजन. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. कडकपणा ही वेगळी गोष्ट आहे, कारण ४० डेन्सिटीचा फोम मऊही असतो आणि कडकही. रोज बसायच्या आसनाला ४० घ्यावा, पाठीच्या उशीला कमी चालतो.

परंतु तुमच्यासाठी डेन्सिटीपेक्षा पाणी निथळण्याचा गुण अधिक महत्त्वाचा आहे. साध्या फोममधल्या पेशींमध्ये बरेच पातळ पडदे राहिलेले असतात, म्हणून तो पाणी धरून ठेवतो. दुसऱ्या एका प्रकारच्या फोममध्ये प्रक्रिया करून हे पडदे फोडून टाकलेले असतात आणि फक्त सांगाडा उरतो. हातात घेऊन उजेडाकडे धरला तर त्याची जाळी दिसते, वरून तांब्याभर पाणी ओतले तर ते खालून जवळजवळ सगळे बाहेर येते. बाजारात त्याला क्विक ड्राय फोम म्हणतात. तो साध्या फोमपेक्षा पुष्कळ महाग पडतो. झोपाळ्याच्या एका गादीला तो घालावा आणि छपराखालच्या सोप्यांना साधा, हा मध्यममार्ग मला योग्य वाटतो. टेकायच्या उश्यांत फोमचे तुकडे भरू नयेत, ते गोळा होतात आणि आतून वाळत नाहीत. पॉलिएस्टरचे तंतू भरावेत, ते धुता येतात.

म्हापशाची_मावशी

आमच्या लहानपणी सोप्यावर गाद्या नव्हत्याच, चटई टाकली की झाले. तरी विषय निघाला आहे म्हणून लिहिते. मे महिन्यात आपण पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो, मिरच्या, सुकी मासळी, आमसुले वाळवून डब्यांत घालतो, त्याच यादीत या गाद्याही धराव्यात. वळवाच्या सरी सुरू व्हायच्या आधी दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवावे आणि आत घ्याव्यात. जूनचा पहिला आठवडा उजाडेपर्यंत थांबू नये.

ठिपके आले असतील तर व्हिनेगरच्या पाण्याने पुसावे. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकाव्यात आणि ज्यांच्याकडे ओल फार असते त्यांनी कपाटात एक छोटा दिवा जळता ठेवावा. आमच्याकडे पूर्वी चाळीसचा बल्ब असे आणि पावसाळाभर रेशमी साड्यांना वास म्हणून येत नसे.

प्रयोगशाळेतून

मावशी, पुरुमेंताची वेळ गाठण्याचा तुमचा सल्ला मला फार पटला. मात्र बाकीच्या तीन-चार गोष्टींवर रसायनशास्त्राची शिक्षिका या नात्याने थोडे लिहिणे आवश्यक वाटते.

कडक ऊन खोळींना चांगले, फोमला वाईट. पॉलियुरेथेनचा फोम अतिनील किरणांनी पिवळा पडतो आणि पुढे त्याचा पृष्ठभाग भुगा होऊन हाताला लागतो. म्हणून खोळ उन्हात आणि फोम सावलीत, वाऱ्यावर, कडेवर उभा करून वाळवावा. आडवा ठेवला तर पाणी खालच्या थरात उतरून तिथेच राहते.

डांबराच्या गोळ्या कसर आवरतात, बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नये. कपाटातल्या बल्बचे तत्त्व बरोबर आहे, कारण हवा किंचित गरम झाली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. परंतु साड्यांच्या कपाटातला बल्ब आणि फोमच्या थप्पीजवळचा बल्ब यांत मोठा फरक आहे. हा फोम झटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यामुळे गाद्यांच्या खोलीत तापणारा बल्ब कृपा करून कोणी लावू नये. आजच्या एलईडी दिव्यांना तेवढी उष्णताही नसते, म्हणून ते लावून उपयोग नाही. विजेवर चालणारे हवा कोरडी करणारे यंत्र परवडत असेल तर ते घ्यावे. बंद कपाटापुरते कॅल्शियम क्लोराइडचे डबे किंवा पिशव्याही काम करतात, फक्त त्यांत जमा होणारे खारे पाणी वेळेवर ओतून टाकावे आणि गाद्यांवर सांडू देऊ नये.

बुरशी काढण्याविषयी. आधी तोंडाला मास्क बांधून, उघड्यावर, कोरड्या ब्रशने ठिपके झटकून घ्यावेत, म्हणजे बीजाणू घरात उडत नाहीत. मग सौम्य साबण आणि कोमट पाणी. गरम पाणी नको. याने भागले नाही तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन लावावे, थोडा वेळ ठेवून धुवावे. शिलाईकाम_फोंडा यांनी सांगितलेले, धाग्यातच रंग असलेले अॅक्रिलिक कापड असेल तर चार लिटर पाण्यात एक कप क्लोरीन ब्लीच आणि पाव कप सौम्य साबण मिसळून सुमारे १५ मिनिटे ठेवता येते आणि नंतर पुष्कळ पाण्याने खळबळून काढावे लागते. इतर रंगीत कापडांवर हा प्रयोग करू नये, रंग उडतो. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र किंवा लागोपाठ वापरू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

फोमच्या आत काळेपणा शिरला असेल, तर तो धुऊन जात नाही. तो फोम बदलावा.

डिचोलकर

ताडपत्रीचा मुद्दा मी मागे घेतो. पण आमच्या बाजूला दुसरी अडचण आहे, ती किनाऱ्यावरच्या लोकांना कळायची नाही. उन्हाळाभर लाल धूळ उडते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होऊन फिक्या रंगाच्या आसनांवर बसतो. त्यावर ब्लीच ओतले तर जाईल का?

प्रयोगशाळेतून

जाणार नाही. आपल्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे आणि क्लोरीन ब्लीचने लोहाचा डाग जात नाही, उलट तो अधिक पक्का होऊ शकतो. ओल्या चिखलाला हातच लावू नये. तो पूर्ण वाळू द्यावा, ब्रशने झाडावा, राहिलेला साबणाच्या पाण्याने धुवावा. तरीही पिवळट-तांबूस छटा राहिली तर लिंबाचा रस आणि मीठ लावून पाहावे आणि तेही आधी खोळीच्या आतल्या कोपऱ्यावर. त्याहून तीव्र असे ऑक्झॅलिक आम्ल मिळते, परंतु ते विषारी आहे, त्यामुळे हातमोजे आणि पूर्ण सावधगिरी असल्याखेरीज घरात वापरू नये.

सोलकढी सांडण्याचा प्रसंग कोणावर येईल म्हणून जाता जाता सांगते, आधी नुसत्या थंड पाण्याने भरपूर धुवावे. आमसुलातले रंगद्रव्य साबणाच्या अल्कलीने निळसर पडते आणि डाग गेल्याऐवजी त्याचा रंग तेवढा बदलतो.

सांत_इनेज_सज्जा

आमची पणजीत तिसऱ्या मजल्यावर सदनिका आहे. सज्जात दोन खुर्च्या आणि एक बाक आहे. साठवायला माळा नाही, रिकामी खोली नाही, आहे तो फक्त पलंगाखालचा खण. त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा काढून गाद्या ठेवल्या तर चालतील का?

काणकोण_किनारा

हवा काढलेल्या पिशव्या पांघरुणांना ठीक आहेत. फोम चार-चार महिने दाबून ठेवला तर तो पूर्वीइतका फुलून येत नाही. शिवाय आत जराशी ओल राहिली असेल, तर पिशवीमुळे तिला बाहेर पडता येत नाही. जुन्या सुती पलंगपोसात गुंडाळावे, खणाच्या तळाशी दोन फळ्या टाकून त्यांवर गाद्या उभ्या रचाव्यात आणि उघडीप मिळेल त्या दिवशी खण उघडून पंखा लावावा. लादीवर थेट काहीही ठेवू नये.

पूर्ण वाळले की नाही, हे ओळखण्याची आमची पद्धत सांगतो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा काटा मिळतो. एप्रिलमध्ये, हवा कोरडी असताना, प्रत्येक गादी त्याला टांगून वजन करावे आणि खोळीच्या आतल्या पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावे. पुढे कधी भिजली की वजन त्या आकड्यावर येईपर्यंत ती आत न्यायची नाही. फोम वरून कोरडा लागतो आणि मधे ओला असतो, तिथे हाताला फसायला होते, काट्याला होत नाही. आमच्याकडे काम करणारी मुले आता विचारतही नाहीत, काट्याला लावतात आणि ठरवतात.

पाहुण्यांच्या अंगाला लावलेले सनस्क्रीन आणि तेल हे मात्र माझे न सुटलेले दुखणे आहे. खुर्चीवर टॉवेल टाकून बसावे, असे सांगून पाहिले, पाट्या लावून पाहिल्या. शेवटी डोके टेकते त्या जागी सुटी, वेल्क्रोची छोटी खोळ शिवून घेतली, ती तेवढी वारंवार धुतली जाते.

म्हापशाची_मावशी

पणजीच्या ताईंनी त्या गाद्या खणात कशाला कोंडायच्या? खोळ बदलून दिवाणखान्यात भिंतीला लावून बसायला घ्याव्यात. पंख्याखाली राहतील, रोज उलटसुलट होतील, आणि चवथीला पाहुणे आले की बसायलाही उपयोगी पडतील. आणि सज्जात पावसाळाभर काथ्याच्या चटया टाकाव्यात, त्या भिजल्या तरी पाणी निथळून जाते.

अंत्रुजवासी

हा धागा चार महिन्यांभोवतीच फिरतो आहे, म्हणून एक भर. डोंगराच्या पायथ्याच्या गावांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री चांगले दंव पडते. अंगणातल्या गाद्या पहाटे हाताला ओल्याचिंब लागतात आणि दुपारपर्यंत वाळतात, म्हणून कोणी लक्ष देत नाही. हे रोज घडले की शिवणीच्या कडेला हिरवट रेघ धरते. झोपायला जाताना आसने कडेवर उभी करून ठेवावीत किंवा पडवीत आणावीत, एवढे पुरते.

पक्ष्यांची विष्ठा पडली तर ओली असताना पुसू नये, पसरते. वाळल्यावर खरवडावी आणि मग धुवावी.

सोपो_हळदोणे

सर्वांचे आभार. ठरवले ते असे: सोप्यांना पोफळीच्या पट्ट्यांची चौकट, गाद्यांना लेप नसलेले पॉलिएस्टर आणि तळाला जाळी. झोपाळ्याला अॅक्रिलिक कापड आणि क्विक ड्राय फोम. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सगळे धुऊन, वाळवून, तोलून माडीवरच्या खोलीत नेणार. पश्चिमेच्या बाजूला झडीसाठी चुडतांचे झाप बांधायचे की प्लास्टिकचा पडदा, यावर घरात अजून वाद आहे. माझे मत झापांना आहे, त्यांतून वारा खेळतो.

एकच विचारायचे राहिले. जाळीचा तळ असेल तर चेन कोणत्या बाजूला घ्यावी आणि किती लांब?

शिलाईकाम_फोंडा

चेन मागच्या लांब बाजूला घ्यावी आणि दोन्ही कोपरे वळवून आडव्या बाजूंवर चार-चार इंच पुढे न्यावी, म्हणजे फोम न दुमडता बाहेर येतो. नाहीतर एकदा काढलेला फोम परत घालताना घरातली माणसे कंटाळतात आणि पुढच्या वर्षी खोळ काढायचेच टाळतात. वरून चेन झाकेल एवढी कापडाची पट्टी ठेवायला सांगावे. दातांवर वर्षातून एकदा मेणबत्ती घासावी, मिठाने चेन अडकत नाही. आणि खोळ फोमच्या मापापेक्षा अर्धा इंच कमी कापून घ्यावी, सैल खोळीला सुरकुत्या पडतात आणि पाणी त्या सुरकुत्यांत थांबते.